करंगळीएवढी जागा

“हातकडी करंगळीचं टोक जाईल इतकी सैल होती,” इल्पो म्हणाला.

“कुणाची करंगळी?” सरकारी वकील नोरा साल्मेला यांनी विचारले.

मागच्या बाकावर कुणीतरी हसले. इल्पो तेर्वोनेनने उजवा हात वर करून करंगळी दाखवली. ती जाड होती आणि पहिल्या पेरापाशी जरा वाकडी. न्यायाधीशबाईंनी चष्म्याच्या वरून ती पाहिली आणि काहीतरी लिहून घेतले.

“माझीच,” तो म्हणाला. “दुसऱ्याची कुठून आणणार?”

शेजारी बसलेल्या ब्योर्कमान वकिलाने टेबलाखालून त्याच्या बुटाला बूट लावला. म्हणजे, पुरे.

कोत्का या बंदराच्या गावात बाजारचौकाजवळच्या मॉलमध्ये इल्पोने एकतीस वर्षे सुरक्षारक्षकाचे काम केले होते. आता तो एकसष्टचा होता आणि पेन्शनला दोन वर्षे उरली होती. इतक्या वर्षांत त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती, आणि आली ती थेट न्यायालयात. मार्च महिन्यात त्याने रोपे केत्तुनेन नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलाला हातकड्या घातल्या होत्या. रोपे बंदरावर वेल्डिंग करायचा. त्याचे म्हणणे असे, की इल्पोने रागाच्या भरात हातकड्या मुद्दाम आवळल्या, आणि त्यामुळे त्याचा उजवा अंगठा तीन महिने बधिर राहिला. न्यायालयाने हे मानले, तर पोलीस खात्याने दिलेले रक्षकाचे कार्ड जाणार होते. कार्ड नाही तर काम नाही.

आणि काम नाही तर काय, याचा विचार इल्पो करत नव्हता. त्याची बायको काइसू जाऊन वर्ष उलटले होते. घरी तो दिवे लावायचा, रेडिओ लावायचा आणि जेवण उभ्याउभ्याच उरकायचा. मॉलमध्ये मात्र सकाळी सातला मासळीच्या काउंटरवरची बाई त्याला “अजून जिवंत आहेस का रे?” असे विचारायची आणि तो “बघतो, सांगतो” म्हणायचा. तेवढ्यावर त्याचा दिवस उभा राहायचा. तक्रार आल्यापासून तेही बंद होते. कंपनीने त्याचा कमरेचा हातकड्यांचा पट्टा काढून घेऊन त्याला तळघरातल्या कॅमेऱ्यांच्या खोलीत बसवले होते. सात महिने तो पडद्यावर त्या मासळीवाल्या बाईला बर्फ पसरताना बघत होता.

सकाळी त्याला आणायला पाळीप्रमुख मिर्वा गाडी घेऊन आली होती. तिने राईच्या पावाचे चीज घातलेले दोन तुकडे त्याच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “खा. रिकाम्या पोटी माणूस दोषी दिसतो.” चौदा वर्षांपूर्वी तिला हातकडी धरायला इल्पोनेच शिकवले होते. गावातल्या निम्म्या रक्षकांना त्यानेच शिकवले होते, आणि त्यातले सातजण आज सुट्टी टाकून मागच्या बाकावर बसले होते. मघाशी हसले ते त्यांच्यातलेच कुणीतरी.

ब्योर्कमान वकील युनियनने दिलेला, माणूस चांगला, पण घाबरट. न्यायालयाच्या दारात त्याने इल्पोला बाजूला घेऊन बजावले होते, की विचारतील तेवढेच बोलायचे, आणि बायकोचा विषय अजिबात काढायचा नाही. “तू रविवारी स्वयंपाकघरात बायकोला हातकड्या घालायचास. हे वाक्य नुसतं ऐकून बघ. ते कोर्टात बोललास, तर तिथंच संपलं सगळं.”

इल्पोने ऐकून बघितले. वाक्य वाईट होते खरे.

घडले ते असे, आणि त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. रोपे दारू पिऊन मॉलमधल्या औषधांच्या दुकानात आला. गोळ्या मिळेनात म्हणून त्याने काउंटरवरच्या मुलीच्या तोंडावर ठोसा मारला. इल्पो धावत गेला. रक्षक म्हणजे पोलीस नव्हे. गुन्हा करताना सापडलेल्या माणसाला त्याला धरता येते, पण लगेच पोलिसांच्या हवाली करावे लागते. हातकड्या ही त्याच्याही पुढची गोष्ट. त्या गरज असेल तरच घालायच्या, आणि गरज असेपर्यंतच ठेवायच्या. इल्पोने आधी रोपेला बाकावर बसवले आणि पोलीस येईपर्यंत बसून राहशील का म्हणून विचारले. रोपे हो म्हणाला, मिनिटभर बसला, मग उठून पुन्हा त्या मुलीच्या अंगावर गेला. इल्पोने अडवले तेव्हा तो त्याच्या तोंडावर थुंकला. तेव्हा हातकड्या निघाल्या. त्या दिवशी पोलिसांची गाडी हमरस्त्यावरच्या अपघातात अडकली होती. तिला यायला अडतीस मिनिटे लागली, आणि तेवढा वेळ रोपे बाकावर बसून होता, हात मागे.

वाद होता अकरा सेकंदांचा.

साल्मेला मॅडमनी भिंतीवरच्या पडद्यावर कॅमेऱ्याचे चित्र लावले. आवाज नव्हता. हातकड्या लागल्या. मग इल्पो रोपेच्या मागे वाकला. त्याची रुंद पाठ मध्ये आली आणि हात दिसेनासे झाले. रोपेचे तोंड उघडलेले, चेहरा वेडावाकडा. चित्राच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते. इल्पो सरळ उभा राहिला, तेव्हा अकरा झाले होते.

“हातकडी लावायला दोन सेकंद लागले,” त्या म्हणाल्या. “ते इथं दिसतं. मग हे अकरा सेकंद तुम्ही मागे काय करत होतात?”

“कड्यांचं दुसरं कुलूप लावत होतो. आणि जागा बघत होतो.”

“की आवळत होतात? मिनिटभरापूर्वी हा माणूस तुमच्या तोंडावर थुंकला होता. राग आला नाही?”

“आला.”

ब्योर्कमानने डोळे मिटले.

“आला ना,” इल्पो म्हणाला. “मी काय लाकडाचा आहे? म्हणून तर सावकाश केलं.”

साल्मेला मॅडम तरुण होत्या, पस्तिशीच्या असतील. आवाज न चढवता बोलायच्या. त्यांनी फाइलमधले पान उलटले. रक्षकांच्या शिकवणीच्या पुस्तकात या कामाला चार ते पाच सेकंद दिले आहेत, हे त्यांनी वाचून दाखवले. मग अकरा का? इतर सगळ्या रक्षकांना पाच पुरतात, तुम्हालाच अकरा का लागतात? कुणी शिकवले असे?

प्रश्न सरळ होता. इल्पोला त्याचे उत्तर माहीत होते, आणि ते एकच होते. त्याने ब्योर्कमानकडे पाहिले. ब्योर्कमानने अगदी हळू मान हलवली, नाही म्हणून. इल्पोला वाटले, आठवत नाही म्हणावे. मग वाटले, ते खोटे होईल, आणि खोटे म्हणजे ती नव्हतीच असे म्हणण्यासारखे होईल.

“बायकोनं,” तो म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली.

मग तो बोलला. इतके तो एका वेळी कधी बोलला नव्हता. मिर्वाने नंतर सांगितले की तिने आयुष्यात ऐकलेले त्याचे सगळ्यात लांब भाषण तेच. काइसू शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दरवर्षी रक्षकांची उजळणी असायची, त्याआधी महिनाभर रविवारी कॉफी झाली की ती कपबशा बाजूला सारायची आणि हात मागे करून बसायची. झाडूच्या दांड्यावर काय शिकशील, म्हणायची, दांडा बोलत नाही. सुरुवातीला तोही पाच सेकंदांतच उरकायचा. मग तिला संधिवात झाला. मनगटे सुजायला लागली. त्याने हातकड्या कपाटात ठेवून दिल्या आणि आता बास म्हणाला.

“तर तिनंच काढून आणल्या,” इल्पो म्हणाला. “म्हणाली, ‘दुखऱ्या हातावर जमलं तर कुणाच्याही हातावर जमेल. ज्याला घालशील त्याचे हात कसे आहेत, तुला काय माहीत?’ मग ती सांगायची. इथं हाड लागतंय. इथं जागा राहिली नाही. आता आतून बोट फिरव. आता विचार मला, दुखतंय का. विचारल्याशिवाय उठू द्यायची नाही. त्याला अकरा लागतात. मी कमी करून बघितले. होत नाहीत.”

ब्योर्कमान टेबलावरच्या पेनाकडे बघत होता.

“तुमच्या पत्नीला साक्षीला बोलावता येईल?” साल्मेला मॅडमनी विचारले.

“नाही,” इल्पो म्हणाला. “गेल्या वर्षी गेली ती. ऑक्टोबरात.”

दिलगीर आहे म्हणाल्या. मग टेबलावरची प्लास्टिकची पिशवी त्यांनी उचलली. पुरावा म्हणून आणलेली तीच हातकडी तिच्यात होती, किल्लीसकट. त्यांनी न्यायाधीशबाईंना विचारले, की आरोपी म्हणतो ते त्याने करून दाखवले तर न्यायालयाची हरकत आहे का. न्यायाधीशबाईंनी विचारले, कुणाच्या हातावर.

“माझ्या,” साल्मेला मॅडम म्हणाल्या. “शंका माझी आहे.”

“हात तुमचे आहेत,” न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि लेखनिकाला तो वाकल्यापासून वेळ मोजायला सांगितले.

इल्पोने पिशवी उघडली. सात महिन्यांनी ते लोखंड हातात आले. मागच्या बाकावरचे सातही जण पुढे झुकले.

“घड्याळ काढा,” तो म्हणाला. “कड्याच्या आत घड्याळ अडकलं की हाडावर बसतं.”

त्यांनी काढले.

“त्याचंही मी काढलं होतं,” इल्पो म्हणाला. “त्याच्याच जॅकेटच्या खिशात ठेवलं, आतल्या.”

“हो, खिशात होतं,” कुणीतरी म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिले. रोपे होता तो. त्याला कुणी विचारले नव्हते. त्याच्या वकिलाने त्याच्या दंडावर हात ठेवला, पण बोलून झाले होते. शेजारी त्याची आई बसली होती, निळे जाकीट घातलेली बुटकी बाई. सकाळपासून ती इल्पोकडे डोळे रोखून बघत होती. तिने आता मुलाकडे पाहिले.

“हात मागे. तळवे बाहेरच्या बाजूला,” इल्पोने सांगितले. “दुखलं तर सांगायचं. सोसायचं नाही.”

दोन वेळा कडकड वाजले. दोन सेकंद. मग तो वाकला. किल्लीच्या टोकाला एक बारीक काडी असते, ती त्याने पहिल्या कडीच्या कडेच्या भोकात दाबली. टिक असा आवाज झाला. इतका बारीक, की न्यायाधीशबाईंनी मान पुढे काढली. मग करंगळी कडीच्या आतून हाडापर्यंत नेऊन परत. मग दुसरी कडी. टिक. करंगळी.

“दुखतंय का?”

“नाही.”

इल्पो सरळ झाला.

“बारा,” लेखनिक म्हणाला.

“सात महिने सराव नाही,” इल्पो म्हणाला, आणि या वेळी न्यायाधीशबाईही हसल्या.

“आता ओढा,” तो म्हणाला. “पिरगाळा. तो करत होता तसं करा.”

साल्मेला मॅडमनी ओढले. खांदे हलवून, दात आवळून, चांगले अर्धे मिनिट ओढले. कड्या जिथे होत्या तिथेच राहिल्या. दुसरे कुलूप लागले की कडी सैल होत नाही आणि घट्टही होत नाही. माणसाने कितीही धडपड केली तरी ती त्याला चावत नाही. इल्पोने कड्या काढल्या. मनगटांवर बारीक तांबूस रेघ उठली होती.

“दुसरं कुलूप न लावता घाला,” त्या म्हणाल्या.

“नको.”

“का?”

“दुखेल.”

“घाला. मला बघायचंय.”

त्याने न्यायाधीशबाईंकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली. त्याने एकाच हातात कडी घातली, तेवढीच सैल, आणि किल्ली बोटांत तयार धरली. साल्मेला मॅडमनी मनगट एकदा फिरवले. कट. पुन्हा फिरवले. कट, कट. त्यांचा श्वास अडकला. तोंडातून शब्द निघायच्या आत इल्पोने कडी उघडली होती.

त्यांनी मनगट चोळले. चांगला खोल वळ पडला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी कातडी पांढरी झाली होती. त्या आपल्या टेबलाशी गेल्या. दुसऱ्या दिवशी काढलेला रोपेच्या हाताचा फोटो त्यांनी उचलला, आपल्या मनगटाशेजारी धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. फोटोत एक बारीक तांबूस रेघ होती. बस्स, एवढीच.

“अडतीस मिनिटं,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखे बोलल्या. मग मोठ्याने इल्पोला विचारले, “कुलूप लावलं नसतं आणि हा माणूस अडतीस मिनिटं असाच धडपडला असता, तर?”

“हात काळानिळा पडला असता. फोटोत लपला नसता.”

“आणि तो शांत झाल्यावर काढली का नाहीत?”

“दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाला, सोड, तिला बघतो. चित्रात दिसेल, मी त्याच्यासमोर बसतो ना दोनदा, तेव्हा. पाणीही दिलं. पेला मीच धरला.”

चित्र पुढे सरकवले. दिसले. रोपे पाणी पीत होता आणि एक म्हातारा रक्षक पेल्याखाली तळहात धरून बसला होता, पाणी सांडू नये म्हणून.

मग डॉक्टरांचा कागद पुन्हा वाचला गेला. अंगठा बधिर होणे हातकडीने होऊ शकते, असे त्यात होते, आणि दारूच्या झोपेत हात अंगाखाली दबून राहिल्यानेही होऊ शकते, असेही. सकाळी फक्त पहिलेच वाक्य वाचले गेले होते. ती रात्र कशी गेली, असे न्यायाधीशबाईंनी रोपेला विचारले. कोठडीत गेली, पोलिसांनी हातकडी काढली, मग पडल्या पडल्या झोप लागली, कोणत्या कुशीवर ते माहीत नाही, असे तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, “यानं विचारलं होतं मला. मागं वाकला तेव्हा. दुखतंय का म्हणून. मी शिवी दिली होती. तोंड उघडं आहे ना चित्रात, ती शिवी आहे.”

साल्मेला मॅडम उठल्या. आरोप मागे घेते म्हणाल्या. त्या अकरा सेकंदांचा आपण चुकीचा अर्थ लावला होता, आणि तो न्यायालयाच्या नोंदीत तसाच राहू नये, असे म्हणाल्या. हे करायची त्यांना गरज नव्हती. ब्योर्कमानला भाषण करायचे होते, त्याने आठ पाने लिहून आणली होती. तो उठला, सगळ्यांकडे पाहिले आणि “माझं काही म्हणणं नाही” म्हणून खाली बसला. रोपेला त्याच्या वकिलाने हळूच विचारले, आपण पुढे लढवायचे का. रोपेने नाही म्हणून मान हलवली.

न्यायाधीशबाई वीस मिनिटे आत गेल्या आणि परत येऊन त्यांनी निकाल वाचला. हातकड्या घालायला कारण होते. घातल्या त्या रीतीने घातल्या. ठेवल्या त्या गरजेपुरत्या. इल्पो तेर्वोनेन निर्दोष.

टाळ्या वाजल्या नाहीत. तिकडे तशी पद्धत नाही. पण मागचे सातही जण एकदम उठून उभे राहिले आणि न्यायाधीशबाई कागद गोळा करून आत जाईपर्यंत तसेच उभे राहिले. बाकाखाली त्यांच्या हिवाळी बुटांचे पाणी साचले होते. मिर्वाचे नाक लाल झाले होते. ती इल्पोला म्हणाली, “उद्या सातला. उशीर केलास तर बघ.”

“मी कधी केला उशीर?”

“आज. एक सेकंद.”

बाहेर व्हरांड्यात ते सगळे मशीनमधली कॉफी घ्यायला गेले. कॉफी भयंकर होती आणि प्रत्येकाने दोनदोन कप प्यायली. ब्योर्कमान सगळ्यांना सांगत होता, की बायकोचा मुद्दा हाच आमचा हुकमाचा पत्ता होता. इल्पो खिडकीशी उभा होता. बंदरावर एक क्रेन फिरत होती. त्याच्या अंगातला ताण एकेक करून सुटत होता, आधी खांदे, मग पाठ, आणि त्याला लहानपणी बर्फावरून घसरगुंडी करून खाली आल्यावर वाटायचे तसे वाटत होते. पायांत हसू आल्यासारखे.

तेव्हा रोपेची आई त्याच्याकडे आली. मुलगा दूर दारापाशी उभा होता, टोपी हातात घेऊन, आणि इकडे बघत होता. बाईने इल्पोपासून हातभर अंतर ठेवले आणि सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिले.

“त्याचा अंगठा आता बरा आहे,” ती म्हणाली.

“बरं झालं,” इल्पो म्हणाला. “वेल्डिंगला लागतो.”

“लागतो.”

तिने एकदा मुलाकडे पाहिले. मग पाऊल पुढे टाकले, दोन्ही हात वर केले आणि इल्पोच्या मानेशी नेले. शर्टाची कॉलर मागच्या बाजूने कोटात अर्धी दुमडून गेली होती. सकाळी घरातून निघाल्यापासून ती तशीच असणार. तिने ती बोटांनी वर काढली, चापून नीट केली आणि दोन्ही टोके सारखी आहेत ना ते पाहिले.

इल्पो ताठ उभा राहिला. तिचे होईपर्यंत तो हलला नाही.